शिकण्यासाठी स्वस्तातलं रोबोट किट कुठलं घ्यावं? (मुलगी सातवीत, बजेट ३ हजार, मुंबई)

मेधा_मुलुंड

नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. वर्षभर स्क्रॅचवर (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) मांजरं उडवून झाली, फुगे फोडून झाले. आता म्हणते स्क्रीनवरचं पुरे, खरोखर जमिनीवर चालणारं काहीतरी हवं. बाजूच्या विंगमधल्या कॉलेजवाल्या दादाने काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी केली होती. ती पाहिल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

ऑनलाइन बघायला बसले तर ७०० रुपयांपासून ४० हजारांपर्यंत सगळं दिसतंय. प्रत्येक खोक्यावर स्टेम, एआय, कोडिंग असं मोठ्या अक्षरांत. आत काय असतं आणि त्यातलं मुलीला काय जमेल, याचा पत्ता लागत नाही.

परिस्थिती सांगते. जुना विंडोज लॅपटॉप आहे, चालतो. मी बँकेत, नवरा सेल्समध्ये, दोघेही करंटला घाबरणारे. सासरे बेस्टच्या वीज विभागातून निवृत्त झालेत, सोल्डरिंग वगैरे डोळे मिटून करतील. पण कॉम्प्युटरचं नाव काढलं की ‘ते तुमचं तुम्ही बघा’. बजेट ३ हजार, ताणून साडेतीन. क्लास नको आहे, फी विचारून झाली आहे.

वाटाणा

वाचतोय. आमच्याकडेही हाच किडा चावलाय.

फिरंगी_भोपळा

लेगो घ्या आणि मोकळे व्हा. तुकडे हातात बसतात, वायर सुटत नाही, पोर जखमी होत नाही.

टांकासाळ

भोपळेसाहेब, बजेट वाचलंत का? लेगोचा शाळांसाठीचा स्पाइक प्राइम तीस हजारांच्या वर जातो. वस्तू उत्तम आहे, वाद नाही. लेगोची माइंडस्टॉर्म्स मालिका १९९८ मध्ये आली आणि २०२२ अखेर बंद झाली. तोवर जगभरातल्या पोरांनी त्यावर हात साफ केला. पण मेधाताईंच्या दहापट पैशांची गोष्ट इथे कशाला?

ताई, तुमच्या घरात सोल्डरिंग येणारा माणूस आहे, ही पंधरा हजारांची गोष्ट तुमच्याकडे फुकट आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: खोकं घेऊच नका, सुटे भाग घ्या.

सगळ्यात आधी ‘रोबोट’ म्हणून जे विकतात त्यातलं निम्मं बाजूला काढा. मोबाइलवरून ब्लूटूथने पुढे-मागे पळणारी गाडी ही रिमोटची गाडी झाली. रोबोट म्हणायचं तर समोर भिंत आली की तिचं तिला कळायला हवं आणि काय करायचं ते मुलीने आधी लिहून ठेवलेलं हवं. खोक्यावर हे कळत नसेल तर एकच प्रश्न विचारायचा: आतला बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम बसतो तो मेंदू, कुठला? उत्तर अर्डुइनो, मायक्रोबिट, ईएसपी३२, पिको यांपैकी काही आलं तर पुढे बोलायचं. ‘आमचा स्वतःचा स्मार्ट कंट्रोलर आहे मॅडम’ असं आलं तर नमस्कार करून निघायचं.

कारण सांगतो. अंकी नावाच्या अमेरिकी कंपनीचा कोझ्मो हा फार गोड रोबोट होता, डोळे मिचकावायचा, रुसायचा. मोबाइलच्या अॅपशिवाय तो चालायचा नाही. २०१९ मध्ये कंपनी बंद पडली. पुढे दुसऱ्यांनी तो हातात घेतला, पण मधल्या काळात ज्यांनी महागात घेतला होता त्यांचा जीव टांगणीला लागला. अर्डुइनो २००५ मध्ये इटलीत सुरू झालं आणि त्याचं डिझाइन पहिल्यापासून खुलं आहे. उद्या ती कंपनी राहो न राहो, तोच बोर्ड दहा कारखाने बनवतात.

आता सामान. अर्डुइनो ऊनोचा क्लोन (दुसऱ्याने बनवलेली नक्कल) साधारण चारशे-पाचशे. घेताना लांब, आयताकृती, सॉकेटमध्ये बसवलेली चिप असलेला घ्या (दुकानात त्याला ‘डिप’ म्हणतात), चपट्या चिपचा नको. चिप जळली तर स्क्रूड्रायव्हरने उचकटून दुसरी बसवता येते, बोर्ड फेकावा लागत नाही. फक्त बदली चिप बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्रॅम आत घेणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकलेली मागायची. दोन पिवळ्या बीओ मोटर, चाकं, पुढचं फिरतं चाक, अॅक्रिलिकची चासी म्हणजे सांगाडा, हा सेट साडेतीनशे-चारशेला एकत्र मिळतो. बोर्डाच्या हुकमाने मोटरला करंट देणारा मोटर ड्रायव्हर एल२९८एन दीडशेच्या आसपास. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजायचा अल्ट्रासॉनिक सेन्सर एचसी-एसआर०४ शंभराच्या आत-बाहेर. पट्टी ओळखायला दोन आयआर सेन्सर, मान वळवायला एसजी९० सर्व्हो, सोल्डर न करता भाग जोडायला छिद्रांचा ब्रेडबोर्ड, त्यात खोचायच्या जंपर वायर. सगळं मिळून दीड-दोन हजार. दुकानागणिक पन्नास-शंभर इकडे तिकडे. उरलेले पैसे चांगल्या सेलवर आणि चार्जरवर घाला. सगळे तिथेच काटकसर करतात आणि तिथेच फसतात.

खडूफळा

टांकासाळ यांच्या यादीशी भांडण नाही, क्रमाशी आहे. मी महापालिकेच्या शाळेत शिकवतो आणि शनिवारी मुलांचा रोबोटिक्स क्लब चालवतो. मुलांचा उत्साह कुठे मरतो ते मी समोर बघतो. प्रोग्रॅम कठीण आहे म्हणून मूल सोडून जात नाही. काल चाललेली गाडी आज चालत नाही आणि का ते कळत नाही, तेव्हा ते जातं. बहुतेक वेळा कारण असतं ब्रेडबोर्डमधली ढिली जंपर वायर. ती दिसत नाही आणि हात लावला की तात्पुरती जागेवर बसते. सातवीच्या मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

म्हणून सुरुवातीला मी मायक्रोबिट देतो. ब्रिटनमध्ये बीबीसीने २०१६ मध्ये सातवीच्या मुलांना हा फुकट वाटला, जवळजवळ दहा लाख बोर्ड. म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयासाठी बनलेली वस्तू आहे. पंचवीस दिवे, दोन बटणं, हलवलेलं कळणारा सेन्सर आणि होकायंत्र बोर्डावरच. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि माइकसुद्धा आहे. एकही वायर न जोडता पहिल्या तासात काहीतरी होतं.

आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. लॅपटॉपला लावला की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. मेककोड हे त्याचं प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडतं, ठोकळे जोडायचे, तयार फाइल त्या ड्राइव्हवर टाकायची. काही इन्स्टॉल करायचं नाही. शाळेच्या संगणकांवर पासवर्डशिवाय काही इन्स्टॉलच होत नाही, तिथे हे वरदान आहे.

तोटे: बोर्डच दीड-दोन हजारांच्या पुढे. मोटर त्याला थेट लावता येत नाहीत, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर बोर्ड, म्हणजे आणखी खर्च. साडेतीन हजारांत गाडी बसते, पण कशीबशी.

टांकासाळ

सर, वायरच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. पण मेधाताईंकडे सासरे आहेत! ढिली वायर शोधणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

खडूफळा

म्हणून तर त्यांच्या बाबतीत मी हट्ट धरत नाही. पण हा धागा आणखी पन्नास पालक वाचतील आणि त्यांच्याकडे बेस्टवाले आजोबा नसतील. ज्या घरात शेजारी बसणारं कुणी नाही, तिथे मायक्रोबिट. ज्या घरात कुणीतरी मल्टिमीटर धरू शकतं, तिथे अर्डुइनो. किती कोअर आणि किती मेगाहर्ट्झ याने पहिल्या वर्षी काडीचा फरक पडत नाही.

कोडगा

माझी दोन पैशांची भर. ऊनो म्हणजे ३२ किलोबाइट जागा आणि २ किलोबाइट रॅम. त्याच पैशांत ईएसपी३२ येतो, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आत. नाहीतर रास्पबेरी पाय पिको घ्या. २०२१ मध्ये आला तेव्हा किंमत होती ४ डॉलर. मायक्रोपायथन चालतं, मुलगी थेट पायथन शिकेल. आजच्या काळात ऊनो घ्यायला सांगणं मला पटत नाही.

टांकासाळ

कोडगा, कागदावर तुझं बरोबर आहे. व्यवहारात बघ. ईएसपी३२ आणि पिको दोन्ही ३.३ व्होल्टचे. एचसी-एसआर०४ ला ५ व्होल्ट दिले की तो ‘इको’ पिनवर ५ व्होल्टच परत फेकतो. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करावं लागतं, नाहीतर बोर्डाच्या पिनला धोका. बारा वर्षांच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात हे कशाला करायचं? ऊनो ५ व्होल्टचा आहे, पिवळ्या मोटरच्या जमान्यातले सगळे सेन्सर थेट लागतात, आणि चुकीची वायर लागली तरी बराच मार खातो.

दुसरं, ईएसपी३२ च्या अर्डुइनो पॅकेजच्या तिसऱ्या आवृत्तीत मोटरचा वेग ठरवायच्या आज्ञाच बदलल्या. युट्यूबवरचा जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा टाकला की एरर. आपण दोन मिनिटांत दुरुस्त करू, पोरगी रात्रभर रडेल.

कोडगा

बरं, दुसरा रोबोट ईएसपी३२ चा. एवढं तरी मान्य करा.

टांकासाळ

मान्य. चासी, मोटर, सेन्सर तेच राहतात, फक्त बोर्ड बदलायचा. सुट्या भागांचा हाच फायदा.

शंकासुर

मेधाताई, एक रुपया खर्च करायच्या आधी टिंकरकॅड उघडा. सर्किट स्क्रीनवरच जोडून चालवून बघायचं सॉफ्टवेअर आहे, ऑटोडेस्कचं, फुकट, ब्राउझरमध्ये चालतं. त्यात ऊनो, मायक्रोबिट, मोटर, अंतर मोजायचा सेन्सर सगळं आहे आणि प्रोग्रॅम स्क्रॅचसारख्या ठोकळ्यांनी लिहिता येतो. एलईडीला रेझिस्टर न लावता करंट दिला की तो स्क्रीनवर जळून दाखवतो. मुलांना ते इतकं आवडतं की मुद्दाम जाळतात. जाळू द्या, तिथे पैसे जात नाहीत. लहान मुलांच्या खात्याला पालकांची संमती लागते, तेवढं करून द्या.

दहा-पंधरा दिवस तिथे टिकली तर सामान आणा. नाही टिकली तर तीन हजार वाचले.

मेधा_मुलुंड

हे भारी आहे, आजच उघडून देते.

शंका १: ती स्क्रॅचवाली. ऊनोला सी भाषाच लागते ना? शंका २: सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘सेल कुठले ते विचार, बाकी बघू.’ शंका ३: हे सगळं लॅमिंग्टन रोडवर मिळेल की ऑनलाइनच?

खडूफळा

शंका १: नाही. पिक्टोब्लॉक्स किंवा एमब्लॉक घ्या. दोन्ही दिसायला स्क्रॅचसारखीच आणि दोन्ही ऊनोला ओळखतात. ठोकळे लावले की बाजूला सी मधला मजकूर आपोआप तयार होतो, तो दिसतो. मुलं हळूहळू तो वाचायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा. या सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती असतात. एकीत प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालतो आणि बोर्ड केबलवरून त्याच्या हुकमाने वागतो. दुसरी ‘अपलोड’, तिच्यात प्रोग्रॅम बोर्डात जाऊन बसतो. मुलं पहिल्या पद्धतीत गाडी चालवून बघतात, खूश होतात, केबल काढतात आणि गाडी मेलेली. रोबोट मोकळा फिरायला हवा असेल तर अपलोड करायचं.

शांतपणे शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर अर्डुइनोची मालिका आहे, फुकट. युट्यूबवरच्या ओरडणाऱ्या दादांपेक्षा बरी.

टांकासाळ

आजोबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. सेल हाच खरा विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

बहुतेक स्वस्त किटमध्ये ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी देतात. ती कचऱ्यात नको, मल्टिमीटरमध्ये टाका, तिचं काम तेच. व्होल्टेज भरपूर दिसतं पण करंट द्यायची तिची ताकद नाही. मोटर सुरू होताना एकदम करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं, ऊनो बंद पडून पुन्हा सुरू होतो. बघणाऱ्याला काय दिसतं? गाडी दोन इंच सरकते, थांबते, पुन्हा दोन इंच. मग लोक रात्ररात्र प्रोग्रॅम तपासत बसतात.

साधे चार पेन्सिल सेल लावले तर ६ व्होल्ट. पण एल२९८एन जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर आहे, दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो आणि उष्णता म्हणून उधळतो. मोटरला उरले ४. गाडी चालते, पण लग्नातल्या वरातीच्या वेगाने.

मग लोक १८६५० लिथियम सेलकडे जातात. दोन सिरीजमध्ये लावले की ७.४ व्होल्ट, ड्रायव्हरने खाऊनही मोटरला साडेपाचच्या आसपास मिळतात. मोटरसाठी झकास. पण शॉर्ट झाला तर हा सेल क्षणात भयंकर तापतो आणि पेटू शकतो. होल्डरमध्ये उलटा बसवला तरी उपद्रव. त्यात बाजारात ९,९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेले सेल मिळतात, ते शुद्ध थाप. या आकारात चांगल्या कंपन्यांचे सेल फार तर साडेतीन हजार एमएएचच्या आसपासचे असतात. आजोबा समोर असतील तरच लिथियम, आणि ते झोपायला गेले की सेल कपाटात.

मुलांसाठी माझी पसंती: रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सहा पेन्सिल सेल. १.२ गुणिले ६ म्हणजे ७.२ व्होल्ट. जरा जड, जरा महाग, पण मुलीच्या हातात देऊन निर्धास्त राहता येतं.

आणि आजोबांना एवढंच सांगा: बोर्ड आणि ड्रायव्हर दोघांची निगेटिव्ह एकमेकांना जोडलेली हवी. ते म्हणतील, हे काय सांगायला हवं का! पण निम्म्या नवशिक्यांची गाडी याच एका वायरीसाठी अडलेली असते.

ग्रँटरोड_पूर्व

लॅमिंग्टन रोडबद्दल मी सांगतो, आमचा पिढीजात इलाखा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण त्या नावाने विचाराल तर दुकानदारही क्षणभर विचारात पडेल. मुलुंडहून दादरला यायचं, वेस्टर्नची चर्चगेट स्लो पकडायची, ग्रँट रोडला उतरायचं. फास्ट तिथे थांबत नाही. पूर्वेला बाहेर पडून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. शनिवारी दुपारी कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी झुंबड करतात. बँकेला सुट्टी असलेला शनिवार असेल तर सकाळीच गाठा.

रस्त्यावर समोर दिसणारी दुकानं टीव्ही, सीसीटीव्ही, मोबाइलच्या सामानाची. आपल्याला हवं ते गल्लीत आणि पहिल्या मजल्यावर. यादी कागदावर लिहून न्या. ‘रोबोट किट’ म्हणालात तर चकचकीत खोकं पुढे येईल. ‘ऊनो डिप, एल२९८, बीओ मोटर दोनशे आरपीएम दोन’ असं म्हणालात तर शेठ चष्म्यावरून बघतो आणि ड्रॉवर उघडतो.

दोन गोष्टी. बोर्ड तिथेच लॅपटॉपला लावून दिवा लुकलुकतो का ते दाखवायला सांगा, गर्दी नसेल तर दाखवतात. बऱ्याच क्लोन बोर्डवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते. घरी लॅपटॉपने ओळखलं नाही तर त्याचा ड्रायव्हर (मोटरवाला नव्हे, हे सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर टाकावा लागतो, बोर्ड खराब समजून परत धावत येऊ नका. आणि मोटरला वायर सोल्डर केलेली आहे का ते बघा. नसेल तरी तुम्हाला काय, आजोबा आहेत.

ऑनलाइनचं म्हणाल तर पुण्याच्या रोबू डॉट इनसारख्या ठिकाणी सगळं मिळतं, पार्सल येतं. पण आठ रुपयांचा रेझिस्टर संपला की लॅमिंग्टनच.

अनघा_कुर्ला

मध्येच घुसते, माफ करा. आमच्याकडे लॅपटॉपच नाही, फक्त मोबाइल. मुलगा आठवीत. आम्ही काय करावं? की नादच सोडू?

खडूफळा

अजिबात सोडू नका. आमच्या क्लबातली निम्मी मुलं अशीच आहेत. अँड्रॉइड फोनवर मायक्रोबिटचं अॅप आहे. ठोकळे फोनवरच जोडायचे आणि ब्लूटूथने बोर्डात पाठवायचे, केबलही लागत नाही. पिक्टोब्लॉक्सचंही मोबाइल अॅप आहे. ऊनोसुद्धा ओटीजी केबल लावून फोनवरून प्रोग्रॅम करता येतो, पण छोट्या स्क्रीनवर सी लिहिणं म्हणजे हाल. लॅपटॉप नसलेल्या घरात मायक्रोबिटचे जास्तीचे हजार रुपये वसूल होतात.

आणि मुलाच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते विचारा. नीती आयोगाची योजना आहे, २०१६ पासूनची, सहावी ते बारावीसाठी. काही शाळांत ती कुलूपबंद असते, कारण सामान मोडेल ही भीती. पालकांनी दोन-तीनदा विचारलं की कुलूप निघतं, असा अनुभव आहे.

फिरंगी_भोपळा

एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं वायर, सेल, ड्रायव्हर यातच महिना गेला तर प्रोग्रॅमिंग कधी शिकणार? लेगोत पहिल्या दिवशी तर्कावर येता येतं.

कोडगा

प्रश्न रास्त आहे. ‘माइंडस्टॉर्म्स’ हे नाव सेमूर पॅपर्ट यांच्या १९८० च्या पुस्तकावरून घेतलेलं. १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा तयार करणाऱ्यांत ते होते. लोगोतल्या कासवाला पुढे जा, उजवीकडे वळ असं सांगायचं. स्क्रीनवर येण्याआधी ते कासव जमिनीवर फिरणारा खराखुरा रोबोट होतं. मूल कासवाच्या जागी स्वतःला ठेवतं आणि ‘आता मी कुठे वळू’ असा विचार करतं, हा त्यामागचा विचार. त्यासाठी वायरी हव्यातच असं नाही.

पण मला नोकरीत नवीन इंजिनिअर भेटतात, कोड उत्तम, आणि सेन्सर चुकीचं वाचतोय हे त्यांच्या मनातच येत नाही. कोडवर विश्वास, जगावर त्याहून जास्त. एचसी-एसआर०४ ला दोन सेंटिमीटरच्या आतलं कळत नाही, पडद्यासमोर तो गडबडतो कारण कापड आवाज पिऊन टाकतं, तिरक्या भिंतीवरून प्रतिध्वनी भलतीकडे जातो. गाडी सोफ्याच्या झालरीत घुसली की मुलगी विचारते, भिंत दिसते मग सोफा का नाही दिसत? हा प्रश्न स्क्रीनवर पडत नाही.

मेधा_मुलुंड

अपडेट! टिंकरकॅडवर एलईडींचा नरसंहार झाला. त्यानंतर सासरे आणि लेक दोघेच लॅमिंग्टन रोडला गेले, मला नेलं नाही. सुटे भाग, ऊनो डिपचाच, सहा निकेलवाले सेल आणि चार्जर, शिवाय सासऱ्यांनी स्वतःसाठी नवी सोल्डरिंग गन. बिल बजेटच्या थोडं वर, पण गन कशात धरायची हा घरगुती वाद आहे.

गाडी चालली. भिंत आली की थांबते, मागे येते, वळते. मग सर्व्होवर सेन्सर बसवला, मान डावी-उजवीकडे करून मोकळी बाजू शोधावी म्हणून. तेव्हापासून गाडी सरळ जातच नाही, जागच्या जागी गोल फिरते. सासऱ्यांनी दोन्ही मोटर वेगळ्या काढून थेट सेलवर लावून बघितल्या, दोन्ही फिरतात. प्रत्येक वायर मल्टिमीटरने पीं-पीं करून तपासली. शेवटी मल्टिमीटर ठेवून म्हणाले, ‘तारेत दोष नाही. दोष तुमच्या अक्षरांत आहे.’ पिन अशा आहेत: ड्रायव्हरच्या वेगाच्या दोन वायरी १० आणि ५ वर, सर्व्हो ३ वर.

टांकासाळ

आजोबांना साष्टांग! दोष अक्षरांतच आहे.

ऊनोवर मोटरचा वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पिन सहाच: ३, ५, ६, ९, १०, ११. त्यातल्या ९ आणि १० आतल्या एका घड्याळावर, म्हणजे टायमरवर चालतात. सर्व्होची लायब्ररी, म्हणजे सर्व्हो चालवायचा तयार कोड, सुरू झाली की ती नेमका तोच टायमर स्वतःकडे घेते. सर्व्हो कुठल्याही पिनवर लावा, ९ आणि १० वरचं वेगनियंत्रण गेलंच. म्हणून तुमच्या एका चाकाला वेग मिळत नाही आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतंय. १० वरची वायर ६ वर न्या, प्रोग्रॅममध्ये १० च्या जागी ६ करा.

मेधा_मुलुंड

झालं!! सरळ गेली! म्हणजे जवळजवळ सरळ. हॉलच्या टोकापर्यंत जाईतो वीतभर डावीकडे झुकते.

खडूफळा

ते चालायचंच. या पिवळ्या मोटर दोन कधीच सारख्या नसतात. डावीकडे झुकते म्हणजे डावं चाक हळू आहे. दोन्हींना १५० वेग दिला असेल तर उजवीचा कमी करत न्या, १४५, १४०, आणि बघत राहा. आकडा तिलाच शोधू दे. सेल उतरले की तो आकडा पुन्हा बदलेल, तेव्हा ती चिडेल. मग तिला चाकांवरच्या छिद्रांच्या चकत्या आणि फेरे मोजणाऱ्या सेन्सरबद्दल सांगा.

वाटाणा

मीही घेऊन आलो सामान, हाच धागा छापून दुकानात नेला होता. काळ्या पट्टीची गाडी केली. अडचण अशी की आमच्या घरात जुनी मोझॅक फरशी आहे, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. गाडी प्रत्येक काळ्या ठिपक्याला पट्टी समजते आणि नाचते. फरशी बदलू का?

टांकासाळ

फरशी राहू द्या. आयआर सेन्सर उजेड परत येतो की नाही एवढंच बघतो, त्याला ठिपका आणि पट्टी सारखीच. सेन्सरवरचा निळा स्क्रू फिरवून थोडा फरक पडेल, पण मोझॅकवर पूर्ण जमणार नाही. पांढरा पृष्ठभाग हवा आणि त्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप. खिडकीतून ऊन येतं त्या जागी नको, उन्हातही इन्फ्रारेड असतं, सेन्सर आंधळा होतो.

वाटाणा

चार्ट पेपर जोडले, पण सांध्यावर पुढचं चाक अडकतं.

ग्रँटरोड_पूर्व

फ्लेक्स घ्या की. पाठ पांढरी असलेला, दहा बाय सहाचा, एकसंध, गुंडाळून माळ्यावर टाकता येतो. नाक्यावर कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस होऊन गेला की मंडप डेकोरेटरवाल्याला विचारा, तो आनंदाने देतो. फक्त भाऊंचा चेहरा जमिनीकडे करून अंथरा, कार्यकर्ते पाहुणे म्हणून आले तर उगाच नको ते व्हायचं.